बाजेचा सोफा

५ नोव्हेंबर १९८६, बुधवार
सुमन आज माहेरी गेली. तिचा धाकटा भाऊ लिंबाजी काल भाऊबिजेला गंगाखेडला आला होता. आज सकाळच्या बसने तो तिला आणि आमच्या चिमीला राणीसावरगावला घेऊन गेला. सातवा महिना चालू आहे. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, दुसरं आपल्या घरी करायचं ठरलं आहे. इथे दवाखाना जवळ. येळवस, म्हणजे शेतात जेवायची मार्गशीर्ष अमावस्या, झाली की परत येणार.

जाताना म्हणाली, बाज तेवढी विणून घ्या, सुंब आणून ठेवलाय. दुसरं काही करू नका. दुसरं वाक्य दोनदा का म्हणाली ते कळलं नाही.

बाज आईची. बाभळीची. माझा जन्म हिच्यावरच. गल्लीत कुणी बाळंत झाली की ही बाज तिच्या घरी जाते. वर बाळंतीण, खाली शेगडी, महिनाभर शेक. मग बाज परत आमच्या भिंतीला टेकून उभी. उद्याच विणून टाकू. तासाभराचं काम.

७ नोव्हेंबर
बाज राहिली. पण त्याहून मोठं काम हाती आलं आहे.

न्हाव्याच्या दुकानात एक जुनं मासिक चाळलं. त्यात 'कमी खर्चात कलात्मक घर' हा लेख. वाचता वाचता अंगावर काटा आला. म्हणजे आपण नुसते राहतोय, घर असं नाहीच! न्हावी वस्तरा परजत होता तेवढ्यात पान फाडून घेतलं. पाठीमागे केस गळण्यावरचा लेख अर्धा आला आहे. तोही उपयोगी.

सुमनच्या थोरल्या भावाने, व्यंकटरावांनी, नांदेडहून सोफासेट आणला आहे. दिवाळीच्या आधी ती त्याबद्दल बरंच काही सांगत होती. मी तेव्हा पेपर वाचत होतो, त्यामुळे सगळं ऐकलं नाही, पण भाव कळला. बायकांची मागणी अशीच आडून येते. ती परत येईल तेव्हा बाहेरच्या खोलीची ड्रॉइंग रूम झालेली असेल. कुणाला सांगायचं नाही. सरप्राइज.

९ नोव्हेंबर, रविवार
सुरुवात दिव्यापासून. लेखात मातीच्या माठाला भोकं पाडून आत बल्ब लावायला सांगितला आहे. पहिल्या भोकाला माठ फुटला. दुसरा माठ आणला. तिसऱ्या भोकाला फुटला. प्रगती आहे. तिसऱ्या माठाला भोकं पाडलीच नाहीत, तोंड वर करून आत बल्ब सोडला आणि माठ आढ्याला टांगला. टांगायला घरात सुंब होताच.

आता सगळा उजेड छतावर पडतो. छताच्या पत्र्याला किती भोकं आहेत ते स्पष्ट दिसतं. खाली पेपर वाचता येत नाही. याला इनडायरेक्ट लाइट म्हणतात.

खर्च लिहायचा नाही असं ठरवलं आहे. लिहिला की उत्साह जातो.

१४ नोव्हेंबर
मी ज्या बी-बियाणाच्या दुकानात कारकून आहे, तिथे कापसावरच्या कीडनाशक औषधाच्या रिकाम्या लाकडी पेट्या मागे पडून असतात. मालकाला विचारून आठ आणल्या. एकावर एक ठेवल्या की बुकशेल्फ. पुस्तकं तीनच निघाली, त्यातलं एक पंचांग. उरलेल्या कप्प्यांत चिमीची भातुकली ठेवली.

पेट्यांना औषधाचा थोडा वास आहे. फायदा असा की घरातली झुरळं मेली.

शेजारच्या बायनाबाई दारातच नाकाला पदर लावून उभ्या. म्हणाल्या, बाळंतिणीच्या घरात इखाचा वास कामून यायलाय? गल्लीतल्या बाळंतिणींना शेकणं-चोळणं याच करतात, म्हणून त्यांना प्रत्येक घर आपलंच वाटतं. भातुकली मात्र मी पेटीतून काढून ठेवली. त्यांच्या सांगण्यावरून नव्हे.

१७ नोव्हेंबर
भिंतीला आकाशी रंग दिला. डिस्टेंपरचा भाव ऐकूनच घाम फुटला, म्हणून चुन्यात नीळ कालवली. सुंदर! खोली उंच झाल्यासारखी वाटते.

१८ नोव्हेंबर
घरमालक सिद्रामप्पा आले. त्यांचं किराणा दुकान शेजारीच. पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा, कपाळाला भस्माचे पट्टे. रंगाबद्दल चकार शब्द काढला नाही. भिंतीतल्या खिळ्यांकडे बघत म्हणाले, दिनकरराव, भित माजी हाय, खिळे तुमचे हायत. पुढं भांडण नको म्हणून आत्ताच सांगायलोय. मग भिंतीला टेकून बराच वेळ बसले.

उठून बाजारात गेले ते पाठ निळी घेऊनच. संध्याकाळी परत आले तेव्हा जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. चुन्यात सरस घालायचा असतो म्हणे. लेखात हे नव्हतं. असेल तर केस गळण्याच्या बाजूला गेलं असेल.

पाहुण्यांनी टेकून बसू नये असा नियम करावा लागेल. म्हणजेच सोफा हवा.

२३ नोव्हेंबर, रविवार
सोफ्याचं लाकूड बघायला वखारीत गेलो आणि तसाच परत आलो. लुटारू आहेत.

चिडून घरी बसलो असताना लेखातलं वाक्य आठवलं. 'आपल्या घरातच दुर्लक्षित पडलेल्या वस्तूंकडे नव्या नजरेने पाहा.' पाहिलं. समोर बाज उभी!

दुपारभर विचार केला. एकीकडे रूढी, दुसरीकडे प्रगती. दवाखान्यात लोखंडी खाटा असतात, त्यांच्याखाली कुठे शेगडी असते? पोरं तिथेही जगतात. शिवाय बाज काही मी टाकून देत नाही, तिला वर्षभर उपयोगाची करतो आहे. आईला आनंदच झाला असता असं वाटतं. आई तशी कशानेच आनंदी होत नसे, पण तरी.

संध्याकाळी लांब दांडे मधोमध कापले. बाभूळ म्हणजे बाभूळ. करवतीचे दात गेले, माझ्या हाताची सालं निघाली. पण एका बाजेचे दोन सोफे झाले! प्रत्येकाला एकीकडे बाजेचे दोन पाय, आणि कापलेल्या बाजूला टेकू म्हणून औषधाची पेटी. बसायला वर उरलेला सुंब ताणून बांधला.

२६ नोव्हेंबर
गाद्यांना लेख फोम सांगतो. सांगायला काय जातं! जिनिंगच्या कारखान्यातून स्वस्तात सरकी, म्हणजे कापसाचं बी, आणली. खोळींसाठी ट्रंकेत एक बोचकं सापडलं. जुन्या मऊ साड्या, धुऊन, घड्या घालून ठेवलेल्या. इतक्या जुन्या साड्या ही बाई कशाला जपून ठेवते कोण जाणे. कापल्या. शिवायला सोप्या गेल्या.

सोफ्यावर बसलो. सरकी टोचते. सवय होईल.

१ डिसेंबर, सोमवार
बाजाराच्या दिवशी लिंबाजी आला. बाहेरूनच ओरडला, दाजी, बाज इणली का? माय इचारायलीय. मी दार अर्धंच उघडलं आणि सांगितलं, बाजेचं काम पूर्ण झालं आहे. हे शब्दशः खरं आहे. आत येतो म्हणाला. म्हटलं, आत रंग ओला आहे. हेही खरं, तो वाळतच नाही.

जाताना म्हणाला, ताईच्या पायाला लय सूज यायलीय, रातच्याला निजता येत न्हाई, कधी आपल्या घरी जाऊन बाजेवर पडते असं झालंय तिला.

दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. पचन बरोबर नसावं.

६ डिसेंबर
बायनाबाईंची शेळी मेली पाहिजे!

दुकानातून आलो तर दार ढकललेलं, शेळी ड्रॉइंग रूममध्ये सोफ्यावर चढलेली, एक गादी पूर्ण रिकामी आणि दुसरीत तिचं तोंड. सरकी ती, जनावरांचा खुराकच! हिरव्या साडीचा काठसुद्धा खाल्ला. हाकलायला गेलो तर मलाच ढुशी दिली. बायनाबाईंकडे तक्रार केली तर हसून पदर तोंडात धरला. सरकी घरात कशापायी आणली हे विचारताहेत! माणूस बसेल म्हणून आणली असं कसं सांगू?

८ डिसेंबर
बायनाबाई सांगत आल्या की शेळीचं दूध वाढलं आहे. अजून हाय का म्हणाल्या.

१० डिसेंबर
गाद्यांत ज्वारीचं भुसकट भरलं. अंगाला खाज. मी बसलो नाही, नुसता हात फिरवला तरी.

२१ डिसेंबर, रविवार
बायनाबाई बाज बघायला आल्या. सुंब ढिला असंल तर ताणून देते म्हणाल्या. मी म्हटलं, सुताराकडे दिली आहे. कोणत्या सुताराकडे? मी म्हटलं, परभणीच्या. त्यांनी सोफ्याच्या पायांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. पदर सावरून गेल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नवी बाज करायला टाकावी का? सुताराला विचारलं. येळवसेच्या तोंडावर माणूस मिळत नाही, पंधरवड्याने ये म्हणाला. ठीक आहे. घाई काय आहे? सुमनला सोफा आवडला तर बाजेचा प्रश्नच येणार नाही.

३१ डिसेंबर
येळवस. सगळी गल्ली शेतात जेवायला गेली. मला दोघांनी बोलावलं, गेलो नाही. दिवसभर सोफे या भिंतीचे त्या भिंतीला लावून पाहिले. खोलीत आता चालायला जागा नाही, पण चालायचं कुठे आहे? बसायचं आहे.

उद्या ती येणार. उद्घाटनाचं छोटं भाषण पाठ केलं आहे.

१ जानेवारी १९८७
आली. बरोबर लिंबाजी, चिमी आणि सासूबाई पार्वतीबाई.

भाषण झालं नाही. सुमन उंबऱ्यात उभी राहिली, एका हाताने कंबर धरून. चेहरा सुजलेला. दोन महिन्यांत एवढी थकली असेल असं मला वाटलं नव्हतं. तिने माठ पाहिला, भिंत पाहिली, पेट्या पाहिल्या. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, बाज? मी सोफ्यावरची चादर ओढली.

सुमनने वाकून सोफ्याच्या पायावर हात ठेवला. पाय ओळखला तिने. मग खोळीचं कापड दोन बोटांत धरलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, आवो, ह्या साड्या लेकराच्या दुपट्यासाठी धुऊन ठिवल्या व्हत्या.

सुमन मला एवढंच म्हणाली, मी निजू कुठं?

आत चुलीपाशी सतरंजीवर निजली आहे. कूस बदलताना कण्हते, ते इथे ऐकू येतं. मी सोफ्यावर बसून हे लिहितो आहे. खाजेमुळे अक्षर नीट येत नाही.

२ जानेवारी
सुमनला म्हटलं, तुलाच तर व्यंकटरावांचा सोफा आवडला होता. ती म्हणाली, तुमी ऐकलं तरी का? मी सांगत व्हते, दादाच्या सोफ्यावर धड निजता येत न्हाई, आपली बाजच बरी.

मग पेपर वाचायला घेतला. तो उलटा होता.

४ जानेवारी, रविवार
दुपारपासून कळा. दवाखान्यातल्या बाईंनी येऊन तपासलं, घरीच होईल म्हणाल्या. मी सोफे हलवायला लागलो तर एक दारातच अडकला. बायनाबाई आल्या आणि माझ्याकडे न बघता सुमनला धरून आपल्या घरी घेऊन चालल्या. म्हणाल्या, त्या इखाच्या घरात न्हाई.

बाज सिद्रामप्पांनी दिली, दुकानापुढे ते स्वतः निजतात ती. त्यांनी आणि लिंबाजीने उचलून नेली. मी एक पाय धरायला गेलो तर म्हणाले, राहू द्या, तुमी बाजेला हात लावू नका.

५ जानेवारी
पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. सासूबाईंनी दारातूनच दाखवली. लाल, एवढीशी. कुणाच्या तरी जुन्या धोतरात गुंडाळलेली.

पाळण्याची एक कल्पना डोक्यात आली होती. सासूबाईंनी चेहऱ्यावरूनच ओळखलं. म्हणाल्या, हात लावाल तर बघा. सुंब जळला तरी पीळ जात न्हाई तुमचा.

६ जानेवारी
बाज गेल्यामुळे सिद्रामप्पा काल रात्री आमच्याकडे निजायला आले. मी त्यांना उत्तम सोफा दिला. पेटीच्या बाजूला डोकं केलं त्यांनी. पेटी बसली, सिद्रामप्पा खाली आले, वरून बुकशेल्फ आलं. त्यांना लागलं नाही. पंचांग मात्र तोंडावर पडलं. उठून खांद्यावर घोंगडी टाकून देवळात निजायला गेले. पाठ पुन्हा निळी.

दुसरा सोफा शाबूत आहे. तो मी जास्त विचार करून केला होता.

८ जानेवारी
थंडी फार आहे. संध्याकाळी लिंबाजी आला. दाजी, गवऱ्या संपल्या, सरपण ओलं हाय, सगळा धूर यायलाय, लेकरू खोकायलंय. वाळकं लाकूड हाय का घरात?

मी खोलीत बघितलं. मग त्याच्याकडून कुऱ्हाड मागून घेतली. आधी मोडका सोफा फोडला, मग शाबूत. पेट्या दिल्या नाहीत, त्यांना औषधाचा वास आहे. हे मला आज पटलं. बाभूळ फोडताना हाताची तीच सालं पुन्हा निघाली.

लाकूड घेऊन मीच गेलो. बायनाबाईंनी आज दारात अडवलं नाही. सुमन बाजेवर कुशीला निजलेली, लेकरू पोटाशी. खाली शेगडीत निखारे. त्यात आईच्या बाजेचा एक पाय होता, गोल कातलेला, तो शेवटपर्यंत ओळखू येत होता. याच पायांवर आई मला घेऊन निजली असेल, खाली अशीच शेगडी असेल. मला फार वाईट वाटलं.

बायनाबाई म्हणाल्या, लाकूड लय चांगलं हाय, धूर करत न्हाई. या खोलीसाठी मी दोन महिने राबलो, त्यात कुणी केलेलं हे पहिलं कौतुक.

सुमनने डोळे उघडले. मला वाटलं आता बोलणार, आणि मी ऐकायला पुढे झालो. ती म्हणाली, ऊब लागायलीय. मग परत झोपली.

अजून एक पाय शिल्लक आहे. सकाळी फोडून देतो.