ज्येष्ठमधाची बरणी

बाबा,

बरणी शोधू नका, ती घेऊन मी दवाखान्यात चाललेय. काल डॉक्टरांनी दोनदा विचारलं, गोळ्या चालू असून रक्तदाब चढतो कसा? तुम्ही छताकडे बघत राहिलात आणि मीही मूग गिळून बसले. आज बसणार नाही. आई गेल्यापासून तुम्ही रोज मूठभर ज्येष्ठमध उकळून पिताय, हे त्यांना सांगणार आहे. त्यानं घसा निवतो खरा, पण रोज घेतलं की रक्तदाब वाढतो.

घरी येऊन विषय काढला, तर “तुझ्या आईचं औषध मला बाधेल होय गं?” म्हणत तुम्ही ताटावरून उठलात. सकाळी बरणी उचलली. तुम्ही भिंतीकडे वळवून ठेवता त्या बाजूला आईच्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता: “खोकल्यापुरतं. नखाएवढा तुकडा. तीन दिवस, पुढे नाही.”

कागद सोडवून आरशावर लावलाय. जेवण झाकलंय, मीठ कमी आहे. गोळी कपाशेजारी आहे.

एक काडी तुमच्या उशाशी ठेवलीय, फक्त वासाला. उकळावीशी वाटली तर आधी आरशापाशी जा आणि काय भांडायचं ते तिच्याशी भांडा.

तुमची हट्टी