सायलीची गाडी तुरीत का गेली

सिरसाळा, मंगळवार

आदरणीय साडूभाऊ सोमनाथराव यांस परमेश्वरचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? अक्कांनी पाठवलेलं लोणचं पोचलं आणि (माझ्या पानात येण्याआधी) संपलंही. फोनच केला असता, पण तुमच्याकडे तो नेमका अक्काच उचलतात.

पत्रास कारण असं, की चाचणीच्या दिवशी तुमच्या सायलीची शर्यतीची गाडी तुरीच्या रानात गेली, हे तुमच्या कानावर आलं असेल. पोरीला खरचटलंसुद्धा नाही. पण पुण्याच्या शर्यतीत गाडी कोण चालवणार, हे त्याच फेरीवर ठरायचं होतं. कॉलेजच्या सरांनी आता तिच्या जागी वैष्णवी नावाच्या तिच्या मैत्रिणीला बसवलंय.

याचं मूळ शोधायचं तर कलीमपाशी जावं लागेल. कलीम म्हणजे माझ्या टायरच्या दुकानासमोर गॅरेज टाकून बसलेला मिस्त्री. मी बावीस वर्षं टायरच्या धंद्यात आहे. उसाची ट्रॉली असो की पाण्याचा टँकर, कोणतं टायर लागेल हे गाडी थांबायच्या आत सांगतो. सायली तीन वर्षं माझ्या घरी राहून कॉलेज करते, सकाळी माझ्या हातचा चहा पिते, आणि कॉलेजातल्या पोरापोरींनी शर्यतीची गाडी बांधायची ठरवल्यावर सल्ला विचारायला गेली समोर. 'कलीमचाचा' अशी हाक मारत गेली. मी काउंटरवरून बघत होतो. फार झोंबलं, साडूभाऊ.

मी तिला म्हटलं होतं, चाक मोठं घे, रुबाब येतो. कलीम म्हणाला, "आदी चाक ठरव बेटा, मंग गाडी आख. चाक बदललं की समदं बदलतं." मग तासभर समजावलं, की मोठं चाक जड, ते फिरवण्यातच इंजिनाचा दम जातो. लहान चाकानं गाडी जमिनीला बसते, पिकअप येतो, पण आतला ब्रेक लहान लागतो आणि गियरचं गणित नव्यानं मांडावं लागतं. रुंद टायर घ्यावं, तर हलक्या गाडीखाली ते तापतच नाही, आणि गार रबर रस्ता धरत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही (थोडं नव्हतं), पण मला कुणी विचारलं का? शेवटी बारा इंची चाकं आणि १४५/७० टायरं ठरली. सत्तर म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या शेकडा सत्तर. बुटकी भिंत वळणावर कमी डुलते म्हणे. एकाच मापाची दोन टायरंही कमीजास्त निघतात, म्हणून कलीमनं चारी टायरांना दोरी गुंडाळून घेर मोजला. दोरीचं दुसरं टोक सायलीच्या हातात होतं. माझ्या दुकानात तिनं कधी दोरीला हात लावला नाही.

चाचणीला मीही गेलो. पहिल्या वळणावर गाडीचं बूड डुललं, दुसऱ्यावर ती स्वतःभोवती फिरली आणि कुंपण मोडून नुकत्याच पाणी दिलेल्या तुरीत शिरली. हा बुटक्या टायरांचा प्रताप आहे, असं मी तिथल्या तिथं सगळ्यांना सांगितलं. कलीम स्टेअरिंगखाली डोकं घालून आपलीच चूक शोधत बसला. अजून शोधतोय. असल्या माणसाच्या नादी पोरीनं का लागावं, तुम्हीच सांगा.

आपला,
परमेश्वर

ता. क. सीताफळांची पेटी पाठवतोय. खालच्या थरातली आधी खा.

आणखी एक. वरचं सगळं खरं आहे, फक्त एवढं लिहायचं राहिलं, की चाचणीच्या आदल्या संध्याकाळी सायलीनं हवा बघायला गाडी माझ्याकडे ठेवली होती (पहिल्यांदाच), आणि मागची दोन्ही टायरं मी बदलली. सत्तरच्या जागी ऐंशीची चढवली. रुंदी तीच, रिम तीच, भिंत जेमतेम बोटभर उंच. गाडी पहिली आली की सांगणार होतो, टायर कलीमचं नव्हे, माझं होतं. ती उंच भिंतच वळणावर डुलली.

शेवटचं. तुरीतून गाडी काढताना सायलीनं मागच्या टायरावरचा चिखल पुसला, आकडा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि चिखल परत फासला. मग सरांना म्हणाली, "चूक माझीच हाय सर. वळण मला जमलं न्हाई." घरी आल्यावर ती रोजच्यासारखी जेवली. मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं. येत्या सोमवारी पहिल्या एसटीनं या. सरांपुढे मी बोलेन, तुम्ही नुसते शेजारी उभे राहा. कलीमला मात्र तुम्हीच सांगा, तेवढं माझ्यानं होणार नाही.