नरम गोळ्यांची पेटी

मी राजपुताच्या घरी न जन्मता भिलांच्या पाड्यावर जन्मले असते, तर आबांनी शिकारीला मला नेले असते की धनुबाईला? या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मला ठाऊक आहे; पण पुढे जे लिहायचे आहे ते याच प्रश्नातून निघाले, म्हणून तो आधी लिहिला.

मी, फुलवंता दिलवरसिंग गिरासे, बी.ए., वय वर्षे चोवीस, राहणार सारंगखेडे, तालुका शहादे, जिल्हा पश्चिम खानदेश, येत्या सोमवारी चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी जात आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, मला कोणी भरीस घातलेले नाही आणि खालचा प्रत्येक शब्द मी माझ्या हाताने लिहिला आहे. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली, तेव्हा लेखनिक बोलवावा लागला नाही.

कलम एक. माझी पुस्तके, दोन पेट्या, शहाद्याच्या मुलींच्या शाळेला द्यावीत. माझा भाऊ नवलसिंग याला त्यांतले एकही देऊ नये. त्याने माझ्या तर्कशास्त्राच्या पुस्तकाची पाने फाडून काडतुसे गुंडाळली आहेत.

कलम दोन. आईच्या पाटल्या स्त्रीधन म्हणून माझ्याकडे आल्या. त्या मोडून धनुबाईच्या पाड्यावर एका खोलीची शाळा बांधावी. तिथे मुलींना आधी बसवावे, मुलांना जागा उरली तर.

कलम तीन. शिकारीच्या गोळ्यांची माझी वही. हिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोतीबिंदू उतरू लागला आहे, बारीक अक्षर दिसत नाही, आणि इंग्रजी येत नाही. मुंबईच्या बंदुकांच्या दुकानाचे सूचीपत्र मी वाचून दाखवत असे. कोणत्या जनावराला कोणती गोळी, हे ते मला विचारत; मी ते या वहीत उतरवून ठेवी. वाघ, बिबळ्या, सांबर यांना नरम तोंडाची. तिच्या टोकाला शिसे उघडे असते, अंगात शिरताच ती पसरते आणि जनावर जागीच बसते. कडक गोळीला टोकापर्यंत धातूचे कवच असते; ती पसरत नाही, खोल जाते. घरची लेक रानात जात नाही, त्यामुळे मी मचाण कधी पाहिले नाही. पण ओसरीवर बसून गोळ्या निवडण्याचा मान माझा होता, आणि तो मला पदवीपेक्षा मोठा वाटे.

मग आबांचा मागाडी वाहरू भील वारला आणि त्याची लेक धनुबाई माग काढायला येऊ लागली. ती माझ्याच वयाची. मी पुण्यात परीक्षेला बसले होते तेव्हा ती सातपुड्यात आबांच्या चार पावले पुढे चालत होती. तीही त्यांना आबाच म्हणते.

कलम चार. यात काही द्यायचे नाही, सांगायचे आहे.

गेल्या माघात डोंगराच्या पायथ्याला एक एकटा गवा उतरला. लाकूडफाटा आणणाऱ्या दोघांना त्याने शिंगावर घेतले. आबांनी आयुष्यात गवा मारला नव्हता. मी सूचीपत्र उघडले. नरम गोळीच्या चित्राखाली ‘सर्व मोठ्या जनावरांसाठी’ असे छापलेले होते, ते मी मोठ्याने वाचले. धनु पायरीवर बसली होती. घरी ती भिली बोलते, आमच्याशी आमच्या अहिराणीत.

“फुलाबाई, तुन्हा कागदनी गवा पाहेल शे का?”

आबा हसले. नवलसिंग तर मांडीवर थाप मारून हसला.

धनु पुढे म्हणाली, “त्याना खांदा म्हंजे सागना बुंधा. नरम गोयी वरच पसरी जाई, मझार जावाव नही. कडक भरा, आबा.”

“धनु म्हनस तेच भर, फुला,” आबा म्हणाले. “ती रोज रानमा ऱ्हास.”

“बी.ए. नापास!” नवलसिंग ओरडला.

आबांनी कपाटातून कडक गोळ्यांची पेटी काढून माझ्या हातात दिली आणि जोडे घालायला गेले. रायफलीत काडतुसे भरून देणे हे माझेच काम. मी ती पेटी परत ठेवली आणि नरम गोळ्यांची काढली. सूचीपत्र बरोबर आहे असे मला वाटत होते, हे खरे. पण धनुच्या सांगण्यावरून गवा पडला, असे आबांनी घरी येऊन सांगू नये, हे मला अधिक हवे होते.

पहिली गोळी खांद्यावर बसली आणि गवा पडला नाही. तो आबांवर आला. धनुने त्यांना बाजूला लोटले, आणि गव्याच्या धडकेने तिचा डावा पाय मांडीतून मोडला. आबांची दुसरी गोळी मानेत लागली म्हणून दोघे वाचले. गवा सोलताना खांद्याच्या हाडावर चपटी झालेली गोळी निघाली. आबांनी ती बोटांनी चाचपून ओळखली. मला त्यांनी काही विचारलेसुद्धा नाही. म्हणाले, “मन्हा डोयास्नी दगा दिधा. मीच चुकीनी पेटी दिधी.”

मी त्यांना तसेच मानू दिले.

त्या दिवसापासून रायफल कपाटात आहे. आबा कोणाकडे जात नाहीत. फक्त रोज सकाळी गाडी जुंपून धनुच्या झोपडीवर जातात, तिला दूध पाजतात, मला कधी न सांगितलेल्या गोष्टी तिला सांगतात. मला त्या मोडलेल्या पायाचाही हेवा वाटला. हे वाक्य खोडावेसे वाटते आहे, पण खोडत नाही.

तर वरील वही धनुबाई वाहरू हिला द्यावी. तिला वाचता येत नाही, म्हणून मी प्रत्येक पानावर जनावर आणि त्याच्यापुढे गोळीचे टोक काढले आहे. गव्याचे पान दुरुस्त केले आहे. तिला वही मिळायची असल्यामुळे तिचा अंगठा साक्षीदार म्हणून घेतलेला नाही.

कलम पाच. चौथे कलम माझ्यामागे वाचले जावे असा माझा बेत होता. मेलेल्या माणसावर कोणी फार काळ रागावत नाही, एवढाच त्यातला फायदा. परवा वही शिवताना त्याची मला लाज वाटली.

काल सकाळी, आबा निघण्याआधीच, मी गाडीवानाला घेऊन धनुकडे गेले. सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “मंग मन्हा पाय दे परत.” मग मोडलेला पाय दोन्ही हातांनी सरळ करून ती म्हणाली, “आबाले सांग. ते रोज आठे ईसन माफी मांगतस. माले आयकवत नही.”

घरी येऊन आबांना सांगितले. ते खाटेवर बसले होते.

“धनुले सांगी दिधं का?” त्यांनी पहिले हेच विचारले.

“हो. आधी तिलाच.”

“मंग मन्हा डोया चांगला शेतस,” ते म्हणाले, आणि उठून आत गेले. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. दोंडाईच्याच्या स्टेशनापर्यंत मला पोचवायला ते स्वतः येणार होते. आता नवलसिंगला सांगितले आहे. त्यांनी यावे म्हणून मी विनवणी करणार नाही. जे सांगायचे होते ते मी जिवंतपणी, दोघांच्या तोंडावर, सांगून आले आहे.

हे साक्षीदारांसमोर वाचून मी सही केली.

फुलवंता दिलवरसिंग गिरासे

साक्षीदार:
१. गिरधर नथ्थू पाटील, शाळामास्तर
२. लोटन दोधू माळी, शेजारी

मुक्काम सारंगखेडे, शुक्रवार, तारीख १४ एप्रिल १९४४