उजव्या हाताचा उन्हाळा

३ एप्रिल
ऊन कडक. नदी खाली गेलीय, धरणाचं पाणी अजून सुटलं नाही. नदीवरच्या सगळ्या मोटरी गाळ ओढतात आन् जळून माझ्या दारात येतात. ज्याची त्याची घाई, ज्याचा त्याचा ऊस वाळतोय. मुमताज समोर बसून तार ओढते, मी ती मोटरच्या खाचांत भरतो. पाणबुडी मोटरचं वायडिंग एकट्या माणसाचं कामच नाही. तिच्यासारखी बायको मिळाली हे माझं नशीब.
लेकीचा, सानियाचा फोन. रांजणगावच्या कंपनीत पर्मनंट होईल बहुतेक. शुक्र आहे अल्लाचा.

५ एप्रिल
नदीकाठच्या पोपटआबांची मोटर काढायला नदीवर चाललोय. खोडवा ऊस पार सुकलाय त्यांचा. बाकी आल्यावर.

९ एप्रिल
डाव्या हातानं लिहितोय. शिक्रापूर, दवाखाना. जिवंत आहे. पुढचं

१० एप्रिल (अब्बा सांगतायत, मी सानिया लिहितेय)
मोटर ओढताना पाइपाखाली हात घातला. काटा मोडल्यासारखं झालं. बघतो तर घोणस. आबांनी आधी ओळखली. "शकील, पळू नगंस. खाली बस." हात बघता बघता फुगला. मुमताज घरी, आबांचा मुलगा पुण्यात, जवळ गाडी नाही. तेवढ्यात नदीपलीकडच्या राहू गावच्या एका गुऱ्हाळाचा पिकअप गुळाचे बॉक्स भरून चाललेला. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण आबा रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. ड्रायव्हर दीपक, यूपीचा. काही विचारलं नाही त्यानं. "चाचा, आप बैठो बस." आबांनी सगळ्या रस्ताभर माझा हात धरून ठेवला, हलू दिला नाही.
शिक्रापूरच्या चौकात ट्रकची रांग. दीपक उतरून ओरडायला लागला, "साँप काटा है!" कंपनीची शिफ्ट सुटलेली. तिथं खोल्या करून राहणारी पोरं, कुणी बिहारचं, कुणी लातूरचं. ती रस्त्यात घुसली, ट्रकच्या बॉनेटवर थापा मारून गाड्या मागंपुढं करायला लावल्या. आम्हाला वाट झाली. एकाचंही नाव माहीत नाही मला.
इंजेक्शन वेळेवर मिळालं. डॉक्टर म्हणाले, थोडा जरी उशीर
(अब्बा इथं थांबले. – सानिया)

१२ एप्रिल
परत डावा हात. आबा भेटायला आले, एसटीनं. मोसंबी आणली. मला करमावं म्हणून जुनं काढून बसले.
"तुझा आजा डोक्यावर विड्याच्या पानाची पाटी घिऊन नदीतनं चालत राहूच्या बाजाराला जायचा. उन्हाळ्यात नदी कसली, नुसती वाळू. आम्ही वाळूत कलिंगडं लावायचो. मग वर धरणं झाली, हितं बंधारे झाले, पाणी थांबाया लागलं. कलिंगडं गेली, ऊस आला. उसामागं पाणी उपसायची इंजिनं आली. तवा तुझ्या बापानं पानाचं दुकान मोडलं आन् इंजिनं खोलाया शिकला."
मला हे निम्मं माहीतच नव्हतं. नदीच्या दोन्ही अंगांची माणसं आज्यापासूनची आपली, म्हणून आपल्याकडं येतात, ते आज कळलं.
विचारलं, "आबा, तुमचा ऊस?"
"ऊस परत लावता येतोय रं."

१६ एप्रिल
घरी आलो. हाताची सूज उतरतेय, पण मधली दोन बोटं बधिर. डॉक्टर म्हणाले, पूर्वीसारखी होतील का, आत्ता सांगता येत नाही. माझं सगळं काम बोटांचं. न्हाणीत जाऊन रडलो. मुमताजला कळलं असणार.

१७ एप्रिल
आबांनी मागनं काढून आणलेली मोटर दुकानात तशीच पडलीय. मुमताज म्हणाली, "तुम्ही सांगा, मी भरते."
"आन् तार कोण ओढणार?"
"सानिया येतेय की रविवारी."
बायकांना जमत नाही असं नाही. मलाच भीती वाटली. पहिल्यांदा चुकली तर परत हात लावणार नाही ती.

१९ एप्रिल
मुमताज भरतेय, सानिया ओढतेय, मी खुर्चीवर. एका खाचेत तार सोलली, सगळं उसकटलं. मी ओरडलो. मुमताज शांतपणे म्हणाली, "ओरडू नका, माझी मोजणी चुकते."
दुपारी वस्तीवरचा सुनील आला. दारातूनच बघितलं. "भाभी करणार व्हय? मग माझी मोटर मी शिरूरला नेतो." उचलून घेऊन गेला. मुमताजनं मान वर केली नाही. बोटं सालटली होती तिची, पण दिवस मावळायच्या आत मोटर भरून, जोडून बंद केली.

२० एप्रिल
नदीवर गेलो. मला काठावर बसवलं. आबांनी मोटर पाण्यात सोडून घेतली आन् म्हणाले, "भाभी, बटन तुमीच दाबा."
दाबलं. काही नाही. लाइटीचा एक फेजच नव्हता! बसलो तिघंही बाभळीखाली. लाइट आली तशी मोटर घुमली. आधी गढूळ, मग स्वच्छ पाणी, पाइपभर. आबा त्याखाली हात धरून उभेच राहिले. मुमताज ओढणीनं तोंड पुसत होती. पाणी उडालं म्हणाली.

२४ एप्रिल
जुम्मा. दुआला हात उचलले, उजवा पुरता उघडत नाही. चौकातल्या त्या पोरांसाठी मागितलं. नावं नसली तरी पोचतं, असं मानतो.
दीपक जेवायला आला. मुमताजनं मटण केलं होतं, तो शाकाहारी निघाला. मग पिठलं. दोन वेळा मागून घेतलं. जाताना माझ्या पाया पडायला वाकला, मी त्याला धरलं. म्हटलं, उलटं पाहिजे हे.

२८ एप्रिल
सकाळी फोन. राहू बेटातला शेतकरी, ओळख नाही. मी म्हटलं, बोला, शकील बोलतोय. "तुमी नगं, ताईंना द्या. आबांची मोटर ज्यांनी भरली त्यांना."
दिला. तिनं उभ्यानंच ऐकलं, हूं हूं केलं, "आणा" म्हणाली, फोन ठेवला. मग माझ्याकडं वळून सांगितलं. मोटर मोठी आहे, आपल्या दुकानात एवढी कधीच आली नाही.
"आणा तर म्हणाले मी. जमंल का हो?"
मी म्हटलं, माहीत नाही. येऊ दे, उघडून बघू.