लुपेची प्रार्थना

ऑकलंड, रविवार

प्रिय अकनेसीताई,

तुला आणि हापाई बेटांवरच्या आपल्या घराला धाकट्याचा नमस्कार. गुडघा कसा आहे?

माझं डायलिसिस नीट चालू आहे, काळजी नको. वजन उतरलं म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली. म्हणाले, "ही खरं तर उदासीवरची, पण हिनं भूकही लागते."

मी म्हटलं, "मूत्रपिंडं बिघडलीत, डॉक्टर. मी कुठे उदास आहे?"

आपल्याकडचीच नर्स आहे, मालिया. ती फिसकन हसली. "नाही हो काका, तुमचं सँडविच दर वेळी मला देता, ते प्रेमानंच!"

ताई, गोळी लागू पडली. काल कडकडून भूक लागली. तारोचे कंद उकडले, मासा केला, कितीतरी दिवसांनी टेबलाशी बसलो, डोळे मिटले आणि थांबलो. चाळीस वर्षांच्या संसारात जेवणाआधीची प्रार्थना लुपेनंच म्हटली. मी नुसतं 'आमेन' म्हणायचो. ती गेल्यापासून पाच महिने उभ्याउभ्या दोन घास ढकलत होतो, म्हणून हे कळलंच नाही. या शहरात शेकडो छपरं घातली, पण त्या चार ओळी पाठ केल्या नाहीत. मासा गार झाला, तसाच ठेवून उठलो.

तिला ती प्रार्थना तूच शिकवली होतीस ना? मोठ्या अक्षरांत लिहून पाठव.

तुझा भुकेला भाऊ,
सेमिसी