गुरुवारचा सहावा तास

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आठवी-एचमध्ये चिडीचूप! चौसष्ट तुकड्यांच्या या शाळेत अशी शांतता फक्त परीक्षेत असते, नाहीतर कुणीतरी काच फोडल्यावर. सहावा तास म्हणजे माझा हक्काचा ऑफ, सविताबरोबर स्टाफरूममध्ये चहा — पण आज तिची दांडी, म्हणून डस्टर आणायला तिसऱ्या मजल्यावर गेले होते. दारातून डोकावले तर शिक्षक नाहीच! रोहित, निफाडहून स्कूलबसने येतो तो, फळ्यावर वेल काढून द्राक्षाची छाटणी शिकवतोय. कुठला डोळा ठेवायचा, कुठला काढायचा. छप्पन्न पोरं वहीत उतरवून घेतायत.

"कुणाचा तास?"

मॉनिटर सई उभी राहिली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "व्हॅल्यू एज्युकेशनचा, टीचर. कुणी येत नाही."

"कधीपासून?"

"जूनपासून."

जूनपासून!! शाळा सुटल्यावर ऑफिसातला शिक्षकांचा तक्ता काढला. एकशे बारा नावं, दोनदा बोट फिरवलं. गुरुवारी सहाव्या तासाला आठवी-एच कुणाकडेच नाही. आणि टाइमटेबल कोण करतं? मी! आठ वर्षं. भर मे महिन्यात घरभर कागद पसरून, नवऱ्याला पंखासुद्धा लावू न देता. 'उत्तराच्या टाइमटेबलात टाचणी शिरायला जागा नसते,' असं प्रिन्सिपल मॅडम सगळ्यांना सांगतात. टाचणी कसली, अख्खा वर्ग सांडला की माझ्या हातून.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

कुणाला बोलले नाही. सविता म्हणाली, "तोंड का असं? एरंडेल प्यायलीस?"

सोमवार, १ डिसेंबर

घ्या! ट्रस्टचं इन्स्पेक्शन अकरा तारखेला. वार — गुरुवार! मीटिंगमध्ये मॅडम म्हणाल्या, "एक जरी वर्ग शिक्षकाविना दिसला, तर पुढच्या वर्षी टाइमटेबल दुसऱ्या कुणाकडे." हसत म्हणाल्या, पण म्हणाल्या. बाकीच्यांना वाटतं, ही कटकट गळ्यातून गेली तर बरंच. मला नाही वाटत. मराठीच्या टीचर या शाळेत सात आहेत. टाइमटेबलवाली मी एकटी. ते गेलं तर मला फार लागेल.

गुरुवार, ४ डिसेंबर

चहा सोडला आणि आठवी-एचच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. दाराजवळ भिंतीवर रंगीत कागदाची मोठी यादी: तारीख, नाव, विषय. थेट फेब्रुवारीपर्यंत भरलेली! माझ्या टाइमटेबलापेक्षा नेटकी, मेली.

आज गौरांग. त्याचे आजोबा पंचवटीत यात्रेकरूंचे उपाध्ये. घराण्यांच्या जुन्या वह्यांतून कुणाचाही पणजोबा कसा शोधायचा, ते त्यानं शिकवलं — आधी गाव, मग आडनाव, मग कोण कधी येऊन गेलं. मलाही सोडलं नाही.

"टीचर, गाव?"

"सटाण्याजवळचं."

"मग ती वही आमच्याकडे नाही. शेजारच्या काकांकडे असेल. विचारून ठेवतो."

नियम पण आहेत हं! मध्ये बोलेल त्यानं फळा पुसायचा. भाषा कुठलीही चालेल. चुकलं तर हसायचं नाही. बी.एड.च्या पाठांना माझा वर्ग असा कधी बसला नव्हता. किती दिवसांनी इतकी मजा आली!

निघताना म्हटलं, "घाबरू नका, मी तुम्हाला सांभाळून घेईन." तर सगळी एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसली. कार्टी!

मंगळवार, ९ डिसेंबर

सांगून टाकलं! केबिनमध्ये गेले आणि एका दमात म्हटलं, "मॅडम, माझी चूक. आठवी-एचचा एक रकाना रिकामा राहिला. जूनपासून."

त्यांनी चष्मा काढला. "आणि एकही तक्रार नाही?"

"नाही."

"गुरुवारी कुणाला पाठवणार?"

"मी बसेन. शिकवतील मात्र पोरंच. एकदा बघा तरी, मॅडम."

"आणि टाइमटेबलचं?" हे मीच घाबरत विचारलं.

"गुरुवारनंतर बघू." एवढंच!

गुरुवार, ११ डिसेंबर

जिंकलो!!!

नेमके सहाव्या तासालाच ट्रस्टचे दोघे आले. सईचा विषय सायकलचं पंक्चर. बादलीभर पाणी, ट्यूब, कानस, सगळी तयारी. म्हातारे इन्स्पेक्टर मध्येच म्हणाले, "पण भोक सापडलंच नाही तर?" सई शांतपणे म्हणाली, "सर, आधी हात वर करा." मी डोळेच मिटले! उघडले तर त्यांचा हात वर. आणि घंटा झाली तरी उठायला तयार नाहीत, सोल्यूशन किती वेळ वाळवायचं ते विचारत बसले.

मॅडम दारातच उभ्या होत्या. जाता जाता मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचे कोरे तक्ते मागवून ठेवा, उत्तरा. आणि आठवी-एचचा गुरुवार आहे तसाच राहू दे." तिथल्या तिथे नाचायची बाकी होते मी. उद्या पोरांना चिवडा!

शुक्रवार, १२ डिसेंबर

चिवडा घेऊन गेले. भिंतीवरच्या यादीचा एक कोपरा सुटून लोंबत होता, नीट करायला हात लावला. खाली वर्गाचं टाइमटेबल. माझ्याच अक्षरातलं, जूनचं. गुरुवार, सहावा तास — शिक्षकाच्या जागी 'यू. के.' उत्तरा खैरनार. मीच! वर्गाच्या कागदावर लिहिलं आणि तक्त्यात स्वतःच्या नावापुढे उतरवायचं विसरले. रकाना रिकामा नव्हताच. सहा महिने यांचा तास सोडून मी खाली चहा पीत होते.

सई हळूच म्हणाली, "सुपरवायझर मॅडम राउंडला येतात ना, टीचर. तुमचं नाव दिसलं असतं. म्हणून यादी त्याच्यावर लावली."

गौरांगनं सेलोटेप पुढे केली. कोपरा मीच चिकटवला.