हत्ताजोडीचे मूळ

७ जानेवारी २००९
सिद्ध करावयाचे ते असे : पुतण्या शेखर याने अमेरिकेस पाठवलेली हत्ताजोडी हे वनस्पतीचे मूळ आहे, प्राण्याचा अवयव नव्हे.
पार्सल कस्टम्सने अडवले. वन्यजीव अधिकारी म्हणतात, हे नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय. घोरपडीचा व्यापार कायद्याने देशात बंद, आंतरराष्ट्रीय कराराने बाहेरही. तसे ठरले तर शे.ला तुरुंग. जबाब सोमवारी.
त्याचे पूजासाहित्याचे दुकान बुधवार पेठेत, आता वेबसाइटही. जोडलेल्या हातांसारखी दिसणारी ही वस्तू शेंदरात ठेवल्यास भरभराट होते म्हणे.

८ जाने.
शे.च्या वकिलांना द्यायचा युक्तिवाद लिहून पूर्ण. विकणारे, घेणारे, सर्व तिला मूळ म्हणतात, रूढ शब्दावरून वस्तूचा बोध होतो, सबब मूळ. शे.चा दुजोरा : "जंगलातली मुळी आहे, काका." हीच साक्ष धरली. जन्मभर शिकवलेले तर्कशास्त्र निवृत्तीनंतर प्रथमच कोणाच्या उपयोगी पडते आहे.
वकील म्हणाले, आपण आमच्या धंद्यात यायला हवे होते. म्हटले, म्हणूनच आलो नाही.

९ जाने.
सौ.ला वाचून दाखवले. मेथी निवडता निवडता म्हणाली, मुळी आहे तर कुंडीत लावा. आक्षेप गैरलागू, वाळलेले मूळ रुजत नाही.
"मग जाळून बघा."
हा मात्र ग्राह्य. शे.कडून एक नग मागवला. तो म्हणाला, ती जाळत नाहीत. का? नाही जाळत.

१० जाने.
सौ.ने चिमट्यात धरून गॅसवर धरली. आधी शेंदूर जळाला. मग केस जळल्यासारखा वास, मग मांसाचा. आमच्या स्वयंपाकघरात.
खिडक्या उघडत म्हणाली, "आता वाचा पुन्हा."

११ जाने.
शे. आला. दारातच वास ओळखला, मान खाली घातली. त्यास ठाऊक होते.
"सगळेच मूळ म्हणून विकतात, काका. आता जगाचा बाजार खुला आहे."
"घोरपडीला विचारलंस?"
लिखाण आहे तसे राहू द्या, तेवढ्याने सुटेन, म्हणाला. मी वकिलांना फोन करून ते मागे घेतले. त्यास सांगितले, उद्या खरे बोल, मी शेजारी बसेन. तो चपला घालून गेला.

१२ जाने., सकाळ
जबाब अकराला. तयार होऊन बसलो आहे. शे. मला न्यायला आलेला नाही, फोनही उचलत नाही.
निष्कर्ष असा की ती घोरपडच. युक्तिवादाची बांधणी निर्दोष होती, साक्षीदार निर्दोष नव्हता. शास्त्रात आप्त म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा असा सत्यवक्ता. घरात आप्त म्हणजे नातलग. हे दोन अर्थ मी एक धरले. चूक माझी.
— माधव केशव